थंडरबर्ड म्हणतं ‘प्रोफाइल लोड होत नाही’: मेल जागेवरच असतात, पत्ता चुकलेला असतो

थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की मेलऐवजी एक छोटी चौकट येते: ‘युअर थंडरबर्ड प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड. इट मे बी मिसिंग ऑर इनॲक्सेसिबल.’ खाली फक्त ओके. ओके दाबलं की चौकट जाते आणि तिच्याबरोबर थंडरबर्डही. पुन्हा क्लिक, पुन्हा तीच चौकट. महिन्याची वीस तारीख, जीएसटीचं रिटर्न आजच भरायचंय, पार्टीने पाठवलेली बिलं मेलमध्ये अडकलीत, आणि शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो: ‘काढून टाका आणि परत टाका.’

ते करू नका. काढून परत टाकल्याने हा बिघाड जात नाही, कारण बिघाड प्रोग्राममध्ये नसतोच. थंडरबर्ड स्वतः सी ड्राइव्हवरच्या प्रोग्राम फाइल्समध्ये राहतं. तुमचे मेल, खाती, पासवर्ड, पत्ते, फिल्टर हा सगळा संसार विंडोजच्या तुमच्या युजर फोल्डरमध्ये, वेगळ्या जागी असतो. त्या गठ्ठ्याला प्रोफाइल म्हणतात. प्रोग्राम काढला तरी प्रोफाइलला हात लागत नाही. उलट घाईत बत्तीस बिटच्या जागी चौसष्ट बिटचा सेटअप चालवला, की एका बिघाडाचे दोन होतात. ते पुढे येईलच.

चौकटीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: मेलचा फोल्डर आहे, पण थंडरबर्डला जो पत्ता माहीत आहे तिथे तो नाही, किंवा तिथेच आहे, पण उघडायची परवानगी नाही. चाळीच्या जिन्यात नावांचा फलक असतो, तसा हा प्रकार. पाटकर दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर गेले, फलक जुनाच राहिला. पोस्टमन दुसऱ्या मजल्यावरचं दार वाजवतो आणि परत जातो. पाटकर हरवलेले नसतात.

खाली फाइलींची आणि बटणांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. लिनक्स आणि मॅकचं शेवटाकडे थोडक्यात.

आधी प्रत, मग दुरुस्ती

कशालाही हात लावण्याआधी प्रोफाइलची प्रत काढा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, थंडरबर्ड कुठे चालू दिसलं तर बंद करा. मग विंडोजचं बटण आणि आर दाबा. जी छोटी खिडकी उघडेल तिच्यात टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर. रोमिंग नावाचा फोल्डर उघडतो. ॲपडेटा एरवी लपवलेला असतो, म्हणून सरळ शोधायला गेलेला माणूस ‘माझ्याकडे असा फोल्डरच नाही’ म्हणून परत येतो.

रोमिंगच्या आत थंडरबर्ड नावाचा फोल्डर आहे. तो अख्खा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कट नव्हे, कॉपी. मशीद बंदरच्या एखाद्या पेढीत दहा वर्षं पीओपीचं (मेल सर्व्हरवरून उतरवून कॉम्प्युटरवर ठेवणारं) खातं चाललं असेल तर हा फोल्डर वीस-तीस जीबीचा निघू शकतो, तेव्हा चहा मागवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही, आणि इनबॉक्स ही एकच फाइल त्याहून मोठी असू शकते. ‘फाइल इज टू लार्ज’ दिसलं तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस असलेली डिस्क घ्या. कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत, दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळते का ते पाहा. जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

चौकट नीट वाचा

‘थंडरबर्ड उघडत नाही’ या एका तक्रारीत चार वेगळे बिघाड असतात आणि त्यांचे इलाजही वेगळे. प्रोफाइल मिळत नाही म्हणणारी चौकट हा पहिला. ‘थंडरबर्ड इझ ऑलरेडी रनिंग, बट इझ नॉट रिस्पाँडिंग’ हा दुसरा. तुम्ही जुनी आवृत्ती सुरू केली आहे, नवं प्रोफाइल बनवा असं सांगणारी चौकट हा तिसरा. चौथ्यात चौकट येतच नाही. थंडरबर्ड नवंकोरं उघडतं आणि नाव, ईमेल, पासवर्ड भरा म्हणतं, जणू तुम्हाला कधी पाहिलेलंच नाही. घाबरगुंडी याच चौथ्या प्रकारात सर्वाधिक उडते आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं. ते बिघाडामुळे नव्हे, घाबरून केलेल्या उपायांमुळे.

पहिला: प्रोफाइल मिळत नाही

मघाच्याच थंडरबर्ड फोल्डरमध्ये प्रोफाइल्स डॉट आयएनआय नावाची लहानशी फाइल आहे. जिन्यातला फलक तो हाच. नोटपॅडमध्ये उघडा. साधारण असं दिसेल:

[इन्स्टॉल, पुढे सोळा अक्षर-आकड्यांचा संकेत]
डिफॉल्ट=प्रोफाइल्स/आठ अक्षरं.डिफॉल्ट-रिलीज
लॉक्ड=१

[प्रोफाइल०]
नेम=डिफॉल्ट-रिलीज
इझरिलेटिव्ह=१
पाथ=प्रोफाइल्स/आठ अक्षरं.डिफॉल्ट-रिलीज

आता शेजारी प्रोफाइल्स हा फोल्डर उघडा आणि आतल्या फोल्डरचं नाव पाथच्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आठ अक्षरांचा तो भाग कशाही क्रमाने जुळवलेला असतो, त्यात शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत डोळ्यांनी सहज होते. नाव कॉपी-पेस्ट करूनच ताडलेलं बरं. कोणी ‘जुना’ किंवा ‘बॅकअप’ असा शेपटा जोडून फोल्डरचं नाव बदललं असेल तर काम दोन सेकंदांचं आहे: शेपटा काढा, थंडरबर्ड उघडेल.

फोल्डर तिथे नसेलच, तर तो हलवलेला आहे. सी ड्राइव्ह भरला म्हणून कोणीतरी डी ड्राइव्हवर नेला, ही नेहमीची गोष्ट. तो शोधायचा सोपा मार्ग म्हणजे फाइल एक्सप्लोररमध्ये ‘प्रेफ्स डॉट जेएस’ शोधणं. ज्या फोल्डरमध्ये ती फाइल आहे आणि शेजारी मेल किंवा आयमॅपमेल नावाचे फोल्डर आहेत, ते तुमचं प्रोफाइल. (फायरफॉक्समध्येही प्रेफ्स डॉट जेएस असते, म्हणून शेजारचे फोल्डर बघायला विसरू नका.)

सापडल्यावर दोन वाटा. एक, फोल्डर मूळ जागी परत आणायचा. दुसरी, फलकावरचा पत्ता बदलायचा: इझरिलेटिव्हच्या पुढे ० करा आणि पाथच्या पुढे ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण पत्ता लिहा. इथे एक खोच आहे. सापेक्ष पत्त्यात (वरच्यासारखा, प्रोफाइल्सपासून सुरू होणारा) पुढे झुकलेली तिरकी रेघ असते, पूर्ण पत्त्यात विंडोजची मागे झुकलेली. वरच्या इन्स्टॉल भागातल्या डिफॉल्टच्या ओळीतही तोच नवा पत्ता हवा. ती ओळ विसरली की चौकट तशीच येत राहते आणि ‘मी तर बदललं होतं’ म्हणून वैताग येतो. शेजारी इन्स्टॉल्स डॉट आयएनआय असेल तर त्यातही तीच दुरुस्ती. सेव्ह करताना नोटपॅड नावामागे टीएक्सटी चिकटवत नाही ना, ते पाहा. फाइलींची शेपटं लपवलेली असली की प्रोफाइल्स डॉट आयएनआय डॉट टीएक्सटी ही नावापुरतीच बरोबर दिसते.

हाताने लिहायचं नसेल तर प्रोफाइल मॅनेजर वापरा. विंडोज आणि आर दाबून आलेल्या खिडकीत थंडरबर्ड डॉट ईएक्सई, एक जागा, वजाचं चिन्ह आणि पी असं लिहून एंटर. ‘क्रिएट प्रोफाइल’, पुढे नेक्स्ट, नाव द्या, आणि फिनिश दाबण्याआधी ‘चूझ फोल्डर’ दाबून जुना फोल्डर दाखवा. त्याच खिडकीत ‘डिलीट प्रोफाइल’ हे बटण आहे. ते दाबल्यावर येणाऱ्या प्रश्नात ‘डिलीट फाइल्स’ हा पर्याय असतो आणि तो त्या फोल्डरमधलं सगळं पुसतो. सगळं म्हणजे मेल नसलेल्या फाइलीसुद्धा. एखाद्याने प्रोफाइल म्हणून चुकून डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स दाखवलं असेल तर काय होईल ते तुम्हीच बघा. यादीतून नाव काढायचंच असेल तर ‘डोन्ट डिलीट फाइल्स’.

पत्ता बरोबर, फोल्डर जागेवर, तरी चौकट येते? मग ‘इनॲक्सेसिबल’ हा शब्द खरा आहे. जुना कॉम्प्युटर बंद पडला, लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून हार्ड डिस्कची बाहेरची केस आणून त्याची डिस्क नव्याला जोडली आणि प्रोफाइल कॉपी केलं, की बऱ्याचदा फोल्डरची मालकी जुन्या विंडोजमधल्या युजरकडेच राहते. त्या युजरला नवा विंडोज ओळखतही नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ओनरसमोर नावाऐवजी एसने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला तर निदान पक्कं. चेंज दाबून तुमचा युजर द्या, खालच्या ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर खूण करा, ओके. मग सिक्युरिटीमध्ये आपल्या नावाला फुल कंट्रोल. सीडी-डीव्हीडीवरून परत आणलेल्या प्रोफाइलला फक्त-वाचा अशी खूण राहिलेली असू शकते, ती जनरलमध्ये जाऊन काढा आणि ‘आतल्या सगळ्या फाइलींना लागू’ करा.

वनड्राइव्ह हा स्वतंत्र विषय आहे. तो ॲपडेटाला हात लावत नाही. पण कोणी ‘आपोआप बॅकअप होईल’ या हौसेने प्रोफाइल डॉक्युमेंट्समध्ये हलवलं, आणि वनड्राइव्हने जागा वाचवायला फाइली फक्त ढगात ठेवल्या, तर नेट गेलं की प्रोफाइलही गेलं. फोल्डरवर ढगाची खूण दिसते. ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ने तात्पुरतं भागतं. खरा इलाज म्हणजे प्रोफाइल परत रोमिंगमध्ये नेणं, कारण सतत लिहिल्या जाणाऱ्या फाइली आणि सतत सिंक करणारा प्रोग्राम यांचं पटत नाही. डॉक्युमेंट्समध्ये आणखी एक अडथळा: विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर तो या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहू देत नाही.

दर सोमवारी सकाळीच बिघाड येतो आणि दहा मिनिटांनी आपोआप जातो, असं असेल तर प्रोफाइल नेटवर्कच्या ड्राइव्हवर आहे का ते पाहा. फोर्टातल्या लहान ऑफिसात ‘सगळं झेडवर ठेवा’ असा दंडक असतो. कॉम्प्युटर चालू झाल्यावर वायफाय जोडलं जाईपर्यंत झेड अस्तित्वातच नसतो, आणि तेवढ्यात स्टार्टअपमध्ये ठेवलेलं थंडरबर्ड उघडून तक्रार करतं. पेन ड्राइव्हवरच्या प्रोफाइलचंही असंच: काल ई असलेला आज एफ झाला की पत्ता चुकला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला पुढचं, सहसा कोणी न घेणारं अक्षर कायमचं देऊन टाका.

दुसरा: आधीच चालू आहे म्हणतं

हा सोपा. खिडकी बंद केली तरी थंडरबर्ड मागे काम संपवत असतं, विशेषतः मोठा फोल्डर कॉम्पॅक्ट होत (पुसलेल्या मेलची जागा मोकळी करत) असेल तर. दोन-तीन मिनिटं थांबा. तरी नाही तर टास्क मॅनेजरच्या डीटेल्समध्ये थंडरबर्ड डॉट ईएक्सई शोधून एंड टास्क. प्रोफाइलमध्ये पॅरेंट डॉट लॉक नावाची रिकामी फाइल असते. ती पुसली जात नसेल, ‘फाइल वापरात आहे’ असं विंडोज म्हणत असेल, तर थंडरबर्ड कुठेतरी चालूच आहे. याच फाइलमुळे एक प्रोफाइल एका वेळी एकच थंडरबर्ड वापरू शकतं. तेव्हा ‘सर आणि मॅडम दोघांनाही एकच मेल दिसायला हवा’ म्हणून दोन कॉम्प्युटरवरून एकच प्रोफाइल फोल्डर उघडायची युक्ती सोडून द्या. त्यासाठी आयमॅप आहे: त्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि दोन्ही कॉम्प्युटरवर तेच दिसतात.

तिसरा: जुनी आवृत्ती

थंडरबर्ड प्रोफाइलमध्ये कंपॅटिबिलिटी डॉट आयएनआय या फाइलीत शेवटची आवृत्ती कोणती होती ते नोंदवून ठेवतं, आणि २०१९ च्या आवृत्ती ६८ पासून उघडताना ती नोंद तपासतं. १४० ने उघडलेलं प्रोफाइल १२८ ने उघडायला गेलात की चौकट अडवते, आणि अडवते ते बरोबर करते: नव्या आवृत्तीने पत्त्यांच्या आणि पासवर्डच्या फाइलींची मांडणी बदलली असेल तर जुनी ती वाचता वाचता बिघडवू शकते. ऑफिसातल्या कपाटातल्या ‘सॉफ्टवेअर’ असं लिहिलेल्या पेन ड्राइव्हवरून दोन वर्षांपूर्वीचा सेटअप चालवला की हे हमखास होतं. नवं प्रोफाइल बनवायचं बटण दाबू नका. बाहेर पडा, थंडरबर्डच्या साइटवरून ताजा सेटअप उतरवून चढवा, जुनंच प्रोफाइल उघडेल. मासिक आवृत्ती आणि ईएसआर (जास्त काळ तीच चालणारी आवृत्ती) यांची सरमिसळ केली तरी हेच होतं. ऑफिसात सगळ्यांकडे एकच ठेवा. चौकट जबरदस्तीने ओलांडायला ‘अलाव डाउनग्रेड’ नावाचा स्विच आहे खरा, पण प्रत हातात असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

चौथा: चौकट नाही, खातीही नाहीत

मघाशी सोडलेला बत्तीस-चौसष्टचा मुद्दा इथे येतो. त्याच आवृत्ती ६८ पासून प्रत्येक इन्स्टॉलला स्वतःचं प्रोफाइल असतं, आणि इन्स्टॉल कोणतं हे थंडरबर्ड ज्या फोल्डरमध्ये चढवलंय त्यावरून ठरतं. प्रोफाइल्स डॉट आयएनआयमधला सोळा अक्षरांचा संकेत त्यातूनच येतो. बत्तीस बिटचं थंडरबर्ड प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मध्ये असतं, चौसष्ट बिटचं नुसत्या प्रोग्राम फाइल्समध्ये. फोल्डर बदलला, संकेत बदलला, आणि नव्या इन्स्टॉलने आपलं नवं कोरं प्रोफाइल मांडलं. जुनं शेजारीच पडलेलं आहे.

प्रोफाइल्स फोल्डर उघडा. दोन, तीन, कधी पाच फोल्डर दिसतील. प्रत्येकाचं प्रॉपर्टीजमध्ये आकारमान पाहा. काही एमबींचे ते नवे आणि रिकामे. काही जीबींचा तो तुमचा. आता आलेल्या कोऱ्या थंडरबर्डमध्ये खातं न भरता हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे अबाउट प्रोफाइल्सची ओळ. आलेल्या यादीत जुन्या फोल्डरसमोर ‘सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल’, थंडरबर्ड बंद करून परत चालू. झालं.

खातं न भरता हे मुद्दाम म्हटलंय. आयमॅपचं खातं कोऱ्या प्रोफाइलमध्ये परत भरलं तर मेल सर्व्हरवरून परत येतात आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. लोकल फोल्डर, फिल्टर, पत्ते आणि कॅलेंडर मात्र येत नाहीत, आणि ते महिन्याभराने लक्षात येतं. पीओपीचं प्रकरण आणखी वाईट. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ बंद असेल तर जुने मेल जगात फक्त त्या जुन्या फोल्डरमध्ये आहेत. चालू असेल तर सर्व्हरवरचे सगळे नव्याने उतरतात, आणि नंतर जुनं जोडलं की एकेक मेल दोनदा.

फोल्डर एकच आहे, मोठा आहे, योग्य तोच आहे, तरी खाती कोरी? प्रेफ्स डॉट जेएस पाहा. खात्यांची सगळी मांडणी या एका फाइलीत असते. थंडरबर्ड ती लिहीत असताना वीज गेली तर ती शून्य बाइटची होते, किंवा आकारमान ठीक दिसतं पण नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडल्यावर ओळीच्या ओळी ‘नल, नल, नल’ अशा काळ्या चौकोनांनी भरलेल्या असतात. फोल्डरमध्ये इनव्हॅलिडप्रेफ्स डॉट जेएस दिसली तर थंडरबर्डनेच खराब फाइल बाजूला ठेवून नवी सुरू केली आहे. जुन्या बॅकअपमधली प्रेफ्स डॉट जेएस आणून ठेवली की खाती परत येतात; ती सहा महिन्यांपूर्वीची असली तरी चालते, मध्ये खाती बदललेली नसली म्हणजे झालं.

आणखी एक फसवा प्रकार. लॉगिन केल्यावर वॉलपेपर बदललेला, डेस्कटॉपवरच्या फाइली गायब, आणि थंडरबर्डही कोरं. हा बिघाड थंडरबर्डचा नाहीच. विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतलंय. विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या खिडकीत युजरप्रोफाइल दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये लिहून एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरच्या पत्त्यात तुमच्या नावाऐवजी टेंप दिसलं तर हेच. इथे काही सेव्ह करू नका, लॉगआउट केलं की ते पुसलं जातं. एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतं. नाही सुटलं तर दुरुस्ती रजिस्ट्रीतल्या प्रोफाइललिस्टमध्ये आहे. तिथे सवय असलेल्या माणसालाच बसवा.

प्रोफाइलच मोडलेलं असेल तर

पत्ता बरोबर, परवानगी बरोबर, आणि उघडताच थंडरबर्ड कोसळतं, अशा वेळी प्रोफाइल मॅनेजरमधून नवं प्रोफाइल बनवून त्यात जुन्यातलं चांगलं तेवढं न्यायचं. पत्ते अबुक डॉट एसक्यूलाइटमध्ये आणि आपोआप जमलेले हिस्टरी डॉट एसक्यूलाइटमध्ये. पासवर्डसाठी लॉगिन्स डॉट जेसन आणि की४ डॉट डीबी या दोन्ही एकत्रच हव्यात. एक कुलूप, एक किल्ली. ग्लोबल-मेसेजेस-डीबी हा शोधाचा निर्देशांक आहे, नेऊ नका, तो नव्याने बनतो. एमएसएफ शेपटाच्या फाइलीही नकोत.

मेल असतात ते शेपूट नसलेल्या फाइलींत: इनबॉक्स, सेंट, वगैरे. या साध्या मजकुराच्या फाइली असतात, प्रत्येक मेल ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीपासून, एकाखाली एक. जुन्या इनबॉक्सची फाइल नाव बदलून नव्या प्रोफाइलच्या मेल, लोकल फोल्डर्स या फोल्डरात ठेवा. एसबीडी शेपटाचा फोल्डर शेजारी असेल तर तोही त्याच बदललेल्या नावाने न्या, त्यात उपफोल्डर असतात. थंडरबर्ड चालू केल्यावर लोकल फोल्डर्सखाली त्या नावाचा फोल्डर दिसेल. पहिल्यांदा उघडताना तो यादी नव्याने बनवतो. पाच जीबीचा असेल तर वेळ लागेल, मध्येच बंद करू नका. फिल्टर त्या-त्या खात्याच्या फोल्डरातल्या एमएसजीफिल्टररूल्स डॉट डॅटमध्ये असतात.

इनबॉक्सची फाइलच गायब असेल तर अँटीव्हायरसचं क्वारंटाइन (संशयित फाइली अडकवून ठेवायची जागा) उघडा. एका मेलला जोडलेल्या व्हायरसमुळे तो अख्खी फाइल उचलून नेतो, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच फाइल आहे. रिस्टोअर करा आणि प्रोफाइलचा फोल्डर तपासणीतून वगळा.

लिनक्सवर कुलपासाठी लॉक आणि डॉट पॅरेंटलॉक अशा दोन फाइली असतात. थंडरबर्ड चालू नाही याची खात्री करून दोन्ही काढा. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप (उबुंटूची प्रोग्राम बांधून द्यायची पद्धत) झालं, म्हणून प्रोफाइल घरातल्या डॉट थंडरबर्डमध्ये नसून स्नॅप, थंडरबर्ड, कॉमन यांच्या आत शोधावं लागतं. मॅकवर ते लायब्ररीतल्या थंडरबर्ड फोल्डरात, आणि कुलूप डॉट पॅरेंटलॉक.

पुन्हा पुन्हा का येतो

एकदा दुरुस्त केलेला बिघाड दोन महिन्यांनी परत येत असेल तर कारण सहसा तीनांपैकी एक: प्रोफाइल चुकीच्या जागी आहे, डिस्क भरली आहे, किंवा कॉम्प्युटर झटक्याने बंद होतो. पहिलं वर झालं. दुसऱ्यासाठी सी ड्राइव्हवर निदान तुमच्या सर्वांत मोठ्या मेल फोल्डरएवढी जागा मोकळी ठेवा, कारण कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड आधी पूर्ण नवी फाइल लिहितं आणि मग जुनी टाकतं.

तिसऱ्याचं म्हणाल, तर मुंबईत वीज फार जात नाही म्हणूनच यूपीएसकडे कोणी बघत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास, ऐन ऑफिसं उघडण्याच्या वेळी, ग्रिड बसली आणि अख्खं शहर बंद पडलं. असा दिवस विरळा, पण जुलैमध्ये मीटरच्या खोलीत पाणी शिरल्यावर सोसायटी मेन स्विच पाडते ते दरवर्षीचं. टेबलाखालच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती बसते. दिवा हिरवाच राहतो. तपासायला थंडरबर्ड आणि बाकी सगळं बंद करून भिंतीवरचं बटण पाडा. कॉम्प्युटर पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही तर बॅटरी बदला.

बॅकअपसाठी टूल्समध्ये एक्सपोर्ट आहे, पण तो दोन जीबीपेक्षा मोठं प्रोफाइल घेत नाही. ऑफिसच्या मेलला शुक्रवारी संध्याकाळी थंडरबर्ड बंद करून फोल्डर कॉपी करणंच बरं. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते.

दुरुस्ती झाल्यावर लगेच जुनं पुसू नका. स्वतःलाच एक मेल पाठवून तो येतो का, सेंटमध्ये पडतो का, मागच्या मार्चचं एखादं बिल शोधात सापडतं का, नावाचं पहिलं अक्षर टाकल्यावर पत्ते सुचतात का, हे पाहा. जुन्या फोल्डरची प्रत पुढचं रिटर्न भरून होईपर्यंत तरी डिस्कवर राहू द्या.